एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मराठी वीज

इंग्रजी भाषेंत ‘फ्लॅश’ हा एक आखूड शब्द आहे. शाळेंतील शब्दार्थांच्या वहींत त्याच्यापुढें बहुधा ‘चमक’ किंवा ‘प्रकाश’ असा एकच मराठी शब्द लिहिलेला आढळतो, आणि विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानून पुढच्या शब्दाकडे वळतो. परंतु वाचन वाढूं लागलें म्हणजे हाच शब्द विजेच्या वर्णनांत भेटतो, तलवारीच्या पात्यावर भेटतो, बंदुकीच्या दारूंत भेटतो, नदीच्या पुरांत भेटतो, रॉकेलच्या परीक्षेंत भेटतो, छायाचित्रकाराच्या हातांत भेटतो, आणि शेवटीं माणसाच्या मनांतहि भेटतो. मग वहींतील एकटा शब्द अपुरा पडतो. ही अडचण एका शब्दापुरती किंवा एका परीक्षेपुरती नाहीं. परकी भाषा शिकणारा समाज स्वतःच्या भाषेंतील शब्दांशीं किती परिचित आहे, याची ती कसोटी असते. मराठवाड्यांतील वालूरसारख्या गांवाच्या बाजूनें या कसोटीचा इतिहास पाहिला आणि त्याच्या शेजारीं चिनी भाषिकांचा अनुभव ठेवला, तर बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात.

प्रथम त्या इंग्रजी शब्दाचा पूर्वेतिहास पाहावा. आज तो उजेडाचा शब्द असला, तरी त्याचा जन्म पाण्यांत झालेला आहे. मध्ययुगीन इंग्रजींत हा शब्द पाणी उसळणें, आदळणें, शिंतोडे उडणें या अर्थानें वापरीत; पाणी आपटल्याचा जो आवाज होतो, त्याच्या अनुकरणांतून तो निघाला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. अग्नि आणि प्रकाश यांच्याकडे तो सोळाव्या शतकांत वळला. जुना अर्थ मात्र पुसला गेला नाहीं. टेम्स नदीवर पूर्वीं बंधाऱ्याच्या फळ्या काढून सांचलेलें पाणी एकदम सोडीत आणि त्या लोंढ्याबरोबर नावा खालीं नेत. त्या व्यवस्थेच्या नांवांत हाच शब्द होता. अचानक येणाऱ्या पुराला इंग्रजींत जें नांव आहे, त्यांतहि तोच शब्द आहे. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. या शब्दाचा गाभा प्रकाश हा नसून आकस्मिकपणा हा आहे. जें एकाएकीं उसळतें, क्षणभर सर्वत्र भरून राहतें आणि लगेच ओसरतें, तें पाणी असो, ज्वाला असो कीं विचार असो, त्याला हा शब्द लागतो. ‘प्रकाश’ हा अर्थ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला पुराच्या वर्णनांत तो शब्द दिसला कीं गोंधळायला होतें, याचें कारण हेंच होय.

आतां वालूरकडे वळावें. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील हें जुनें गांव तेथील बारवांसाठीं प्रसिद्ध आहे. त्यांपैकीं गोल फिरत खालीं उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव तर स्थापत्याचा दुर्मीळ नमुना मानली जाते. अलीकडच्या काळांत गांवकऱ्यांनीं श्रमदानानें तिच्यांतील गाळ काढून ती मोकळी केली. स्थानिक परंपरा या गांवाचें नांव वाल्मीकि ऋषींशीं जोडते. ती परंपरा श्रद्धेचा विषय आहे. परंतु तिच्या निमित्तानें रामायणांतील एका स्थळाची आठवण होणें स्वाभाविक आहे. किष्किंधाकांडांत वर्षाऋतूचें जें वर्णन आहे, त्यांत विरही रामाला काळ्या मेघाच्या अंगावर थरथरणारी वीज पाहून रावणाच्या अंकावर तडफडणाऱ्या सीतेची आठवण होते. त्या ठिकाणीं विजेसाठीं जी क्रिया योजलेली आहे, ती ‘स्फुर्’ या धातूची आहे.

हा धातु मराठीनें टाकून दिलेला नाहीं. मराठींत कविता स्फुरते, युक्ति स्फुरते, वीरांचे बाहु स्फुरतात. संस्कृतांत जो धातु विजेच्या थरथरीला लागला, तोच मराठींत मनांत एकाएकीं उगवणाऱ्या कल्पनेला लागला आहे. इंग्रज मनुष्य, एखादी गोष्ट मनांत ‘फ्लॅश’ झाली, असें म्हणतो. मराठी मनुष्य ती स्फुरली असें म्हणतो. दोन्ही भाषांनीं एकच वाट धरली आहे. परंतु वहींत ‘चमक’ एवढेंच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच घरांत ही वस्तु आहे याचा पत्ता लागत नाहीं.

क्षणिक उजेडासाठीं मराठींत असलेली शब्दसंपत्ति पाहण्यासारखी आहे. पितळेचें घासलेलें भांडें चकाकतें, परंतु तें लुकलुकत नाहीं. तारा लुकलुकतो, दिवा मिणमिणतो, काजवा चमकतो, तलवार तळपते, दागिने झगमगतात, आणि वीज लवते. यांतील प्रत्येक क्रियापदाला स्वतःचा काळ आहे. चकाकणें हें टिकून राहणारें, लुकलुकणें हें पुनःपुन्हा होणारें, मिणमिणणें हें दुबळें, आणि लवणें हें क्षणांत होऊन जाणारें. ‘लवणें’ हें क्रियापद विशेष लक्ष देण्यासारखें आहे. लवणें म्हणजे मूळ वांकणें. वीज लवते तसें डोळ्याचें पातेंहि लवतें, आणि ‘पातें लवतें न लवतें तोंच’ असें म्हणून मराठी माणूस अत्यंत अल्प काळ दाखवितो. इंग्रजींत ‘एका फ्लॅशमध्यें’ म्हणजे अत्यल्प काळांत. म्हणजे उजेड आणि काळ हे दोन अर्थ इंग्रजीनें एका नामांत सांठविले, तर मराठीनें ते एका क्रियापदांत सांठविले. संस्कृतांत विजेला विद्युत्, तडित्, चपला, चंचला, सौदामिनी अशीं अनेक नांवें आहेत. त्यांतील ‘क्षणप्रभा’ हें नांव तर या इंग्रजी शब्दाची व्याख्याच आहे. ज्याची प्रभा एक क्षण टिकते तें.

‘चमक’ या शब्दाकडेहि निराळ्या दृष्टीनें पाहावें लागतें. मराठींत चमकणें म्हणजे प्रकाशणें. आणि चमकणें म्हणजे दचकणेंहि. ‘त्याचें नांव ऐकतांच ती चमकली’ या वाक्यांत प्रकाशाचा लवलेश नाहीं. शिवाय जड ओझें उचलतांना पाठींत किंवा कमरेंत एकाएकीं जी कळ येते, तिलाहि ‘चमक’ असेंच म्हणतात. कमरेंत चमक भरली ही तक्रार खेड्यांत नित्य ऐकूं येते. उजेड, दचक आणि कळ या तीन वस्तु वरवर पाहतां निराळ्या आहेत. त्यांना जोडणारा धागा तोच, आकस्मिकपणाचा. म्हणजे ‘फ्लॅश’ला ‘चमक’ हा प्रतिशब्द देणारा शिक्षक चुकत नव्हता. तो शब्द पूर्ण उलगडून दाखवीत नव्हता, एवढेंच.

येथें चिनी भाषेचें उदाहरण फार उपयोगी पडतें. चिनी भाषिक विद्यार्थी इंग्रजी शिकूं लागला म्हणजे या शब्दासाठीं त्याला ‘शान’ हा स्वतःचा शब्द मिळतो. त्याचें लेखनचिन्ह दोन भागांचें आहे: बाहेर दरवाजा आणि आंत माणूस. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन या पंडितानें तयार केलेल्या प्राचीन चिनी कोशांत या चिन्हाचा अर्थ, दाराआडून डोकें काढून पाहणें, असा दिला आहे. दारांतून एखादी व्यक्ति क्षणभर दिसावी आणि नाहींशी व्हावी, या दर्शनावरून तो शब्द पुढें विजेच्या दर्शनाला लागला. आजच्या चिनी भाषेंत ‘शान’ म्हणजे लकाकणें, ‘शान’ म्हणजे चटकन बाजूस होऊन मार चुकविणें, मनांतून विचार सर्रकन जाणें म्हणजेहि ‘शान’. आणि आश्चर्याची गोष्ट ही, कीं वजन उचलतांना कंबर लचकली तर तिलाहि चिनी मनुष्य ‘शान’ झालें असेंच म्हणतो. हिमालयाच्या दोन्ही बाजूंस, एकमेकींशीं कुळाचें नातें नसलेल्या दोन भाषांतील शेतकऱ्यांनीं पाठींतल्या कळेला विजेच्या लकाकीचा शब्द दिला आहे. हें उसनें घेतलेलें नसावें. मानवी अनुभवच दोन्ही ठिकाणीं सारखा होता.

चिनी विद्यार्थ्याला आणखी एक अडचण सोसावी लागते. उत्तरेकडील प्रमाण चिनी भाषेंत दोन व्यंजनें जोडून शब्दाचा आरंभ होत नाहीं आणि शकारान्त शब्दहि नाहींत. त्यामुळें ‘फ्लॅश’चें तोंड आणि शेपूट दोन्ही त्याला अवघड जातात. मधला स्वर तर विशेष घातक, कारण तो थोडा बदलला कीं ‘फ्लेश’ म्हणजे मांस होतें. मराठी विद्यार्थ्यालाहि हा स्वर मूळचा नव्हता. मराठी लेखनानें अर्धचंद्राची खूण स्वीकारून हा भेद कागदावर दाखविण्याची सोय केली. चिनी लेखनपद्धति उच्चार दाखविण्यासाठीं बनलेली नसल्यामुळें चिनी विद्यार्थ्याला अशी सोय स्वतःच्या लिपींत मिळत नाहीं.

या दोन भाषांच्या अभ्यासकांचा इतिहासांत एकदां फार जवळचा संबंध आलेला आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यांतून विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश १८१० सालीं बाहेर पडला. त्यासाठीं त्याला वैजनाथ शर्मा या पंडितांचें साहाय्य होतें आणि त्यांत मराठी शब्द मोडी अक्षरांत छापले होते. त्याच श्रीरामपूरला त्याचा सहकारी जोशुआ मार्शमन चिनी भाषेचा अभ्यास करीत होता. मकावहून आलेल्या लासार नांवाच्या आर्मेनियन गृहस्थाकडून तो ती भाषा शिकला, आणि १८१४ सालीं त्याचें चिनी व्याकरण प्रसिद्ध झालें. पुढें १८१५ ते १८२३ या वर्षांत रॉबर्ट मॉरिसनचा चिनी भाषेचा मोठा कोश मकावला छापला गेला. म्हणजे इंग्रजी शब्दांना चिनी आणि मराठी प्रतिशब्द शोधण्याचें आधुनिक कार्य जवळजवळ एकाच वेळीं सुरू झालें. त्यांत पंडितांचे कष्ट आणि परकीयांची जिद्द दोन्ही होतीं. व्यापार, राज्य आणि धर्मप्रसार हे हेतूहि होते.

मराठींत या कार्याचा कळस जेम्स टॉमस मोल्सवर्थ याच्या हातून झाला. मुंबईच्या फौजेंतील या अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. त्यांत जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंचें साहाय्य होतें. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दांची संख्या सुमारें ६०,००० वर गेली. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थनें आरंभिला आणि टॉमस कँडीनें पूर्ण करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. याच काळांत, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. त्यांत एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीं शेजारीं असे. शब्दाला प्रतिशब्द देणाऱ्या कोशाहून या पद्धतीचा लाभ निराळा होता; तेथें वाक्याला वाक्य भेटत असे आणि एकच इंग्रजी शब्द दोन ठिकाणीं दोन मराठी वेषांत दिसूं शके. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नीळकंठ बाबाजी रानडे यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला, आणि १९३२ ते १९३८ या वर्षांत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग प्रसिद्ध झाले. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला हें सर्व भांडार हाताशीं होतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या.

वालूरच्या विद्यार्थ्याची स्थिति निराळी होती. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फारसीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली होती, आणि माध्यमिक व उच्च शिक्षणांतहि तिचेंच प्राबल्य होतें. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां सर्व विषय उर्दूंतून शिकविण्याचा आणि इंग्रजी सक्तीची ठेवण्याचा निर्णय झाला. ग्रंथांच्या भाषांतरासाठीं ‘दारुल तर्जुमा’ ही संस्था त्याच्या आधींच, १९१७ सालीं, काढलेली होती. देशी भाषेंतून सर्वोच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता आणि त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु ती देशी भाषा मराठवाड्यांतील बहुसंख्य मुलांची घरची भाषा नव्हती. त्यांना इंग्रजी शब्द उर्दूच्या दारांतून येत असे. ‘फ्लॅश’चा अर्थ ‘कौंध’, ‘झलक’ किंवा ‘बर्क’शीं जोडून कळावयाचा, आणि मग त्या उर्दू शब्दाचा मराठी अर्थ मुलानें मनांतल्या मनांत लावावयाचा. उर्दू लिपींत ‘फ्लॅश’ आणि ‘फ्लेश’ यांचें लेखनहि जवळजवळ सारखेंच होतें.

यांत केवळ गैरसोय होती असें नाहीं. दोन भाषांतून चाळून आलेला शब्द कधीं कधीं अधिक स्वच्छ होऊन येतो, आणि मराठवाड्याच्या बोलींत दख्खनी उर्दूमुळें जी संपन्नता आली, तीहि नाकारतां येणार नाहीं. परंतु जो मुलगा घरीं ‘वीज लवली’ असें ऐकत वाढला, त्याला शाळेंत त्या शब्दाचा उपयोग कधींच दिसला नाहीं, हें नुकसान मोठें होतें. घरचा शब्द अभ्यासाला चालत नाहीं अशी त्याची समजूत होई. मराठींतून शिक्षण देण्यासाठीं ज्या खासगी संस्था संस्थानांत झटल्या, त्यांत हैदराबादची १९०७ सालची विवेकवर्धिनी आणि औरंगाबादची १९१५ सालची सरस्वती भुवन यांचा उल्लेख करावाच लागतो. त्यांचा झगडा वरून शाळेचा दिसला, तरी मुळांत तो शब्दांच्या हक्काचा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानाचें स्वतंत्र अस्तित्व संपलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. मराठी माध्यम आलें, तरी शब्दार्थाच्या वहींतील एका शब्दाला एक शब्द ही रीत मात्र पुष्कळ ठिकाणीं तशीच राहिली.

या रीतीनें काय हरवतें, हें शस्त्रांच्या भाषेवरून चांगलें दिसतें. जुन्या बंदुकीला बाजूस एक लहान वाटी असे. तींत थोडी बारीक दारू घालीत. मराठींत तिला ‘रंजक’ म्हणतात. रंजकेला आग लागली म्हणजे छिद्रांतून ती नळींतील मुख्य दारूला पोंचे आणि गोळी सुटे. पुष्कळदां रंजक भुर्रकन जळून जाई आणि नळींतील दारूला आग पोंचतच नसे. मोठा उजेड होई, धूर होई, पण गोळी जागच्या जागीं. इंग्रजींत या फसगतीचें वर्णन ‘वाटींतला फ्लॅश’ असें करीत, आणि पुढें थोडा काळ गाजून फुकट गेलेल्या माणसाला किंवा उद्योगालाहि तेंच नांव मिळालें. ज्या मराठी विद्यार्थ्याला रंजक हा शब्द ठाऊक आहे, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगण्याची गरजच नाहीं. तसाच ‘चकमक’ हा शब्द. तुर्की भाषेंतून आलेला हा शब्द गारगोटी आणि पोलाद यांच्या घर्षणानें ठिणगी पाडण्याच्या साधनाचा आहे. परंतु मराठींत दोन तुकड्यांची थोडा वेळ झालेली लढाई म्हणजेहि चकमक, आणि ती ‘उडते’, ठिणगीसारखीच. भपक्याचेंहि असेंच आहे. वासाचा भपका येतो, आणि श्रीमंतीचाहि भपका असतो. इंग्रजींतहि दिखाऊ माणसाच्या थाटाला ‘फ्लॅश’ म्हणण्याची रीत अठराव्या शतकापासून आहे.

विज्ञान आलें तेव्हां भाषांना नवीन वस्तूंचें बारसें करावें लागलें, आणि प्रत्येक भाषेनें आपापल्या स्वभावाप्रमाणें तें केलें. युरोपीय भाषांनीं विद्युच्छक्तीला जें नांव दिलें, तें तृणमणि या वस्तूच्या ग्रीक नांवावरून. कारण तृणमणि घांसला असतां तो कस्पटें ओढून घेतो. मराठीनें तिला सरळ ‘वीज’ म्हटलें. चिनी भाषेनेंहि तेंच केलें. तेथें ‘त्येन’ हा आकाशांतील विजेचा प्राचीन शब्द, आणि त्याच्या पारंपरिक चिन्हांत पावसाचें चिन्ह आहे. आकाशांतील वीज आणि प्रयोगशाळेंतील विद्युत् एकच होत, हें अठराव्या शतकाच्या मध्यांत, १७५२ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांनीं सिद्ध झालें होतें. त्या दृष्टीनें मराठी आणि चिनी नांवें अधिक समर्पक म्हणावीं लागतात. यापूर्वीं कितीतरी शतकें चिनी भाषेंतील हाच शब्द भारतीय शब्दाला प्रतिशब्द म्हणून योजिला गेला होता. इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या आरंभीं कुमारजीवानें वज्रच्छेदिका या बौद्ध ग्रंथाचें चिनी भाषांतर केलें. संसाराची क्षणभंगुरता सांगतांना मूळ ग्रंथांत दिलेल्या उपमांपैकीं ‘विद्युत्’ ही उपमा त्यानें ‘त्येन’ या शब्दानें उतरविली. या भाषांतराची ८६८ सालीं छापलेली प्रत उपलब्ध असून, छपाईची निश्चित तारीख असलेला तो जगांतील सर्वांत जुना संपूर्ण ग्रंथ समजला जातो.

तारायंत्राच्या बाबतींत मात्र वाटा फुटल्या. चिनी माणसानें त्याला विजेचा निरोप म्हटलें. मराठी माणसानें डोळ्यांना दिसणारी वस्तु पाहिली आणि ‘तार’ म्हटलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यांतील रेल्वे सेलूवरून जाऊं लागली, तेव्हां सिग्नल, गार्ड आणि तार हे शब्द या भागांत रुळांबरोबरच आले. हातांत धरावयाच्या दिव्याला अमेरिकन लोक ज्या नांवानें ओळखतात, त्यांत ‘फ्लॅश’ आहे. मराठींत त्यासाठीं ‘विजेरी’ हा सुटसुटीत शब्द बनला, जरी खेड्यापाड्यांत लोक त्याला बॅटरीच म्हणतात. छायाचित्रणांत १८८७ सालीं जर्मनीमध्यें मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर झगझगीत उजेड पाडण्याची युक्ति निघाली, आणि १९२९ पासून त्या भुकटीची जागा कांचेच्या बंद दिव्यानें घेतली. येथें मराठीनें नवीन शब्द न बनवितां ‘फ्लॅश’ हाच शब्द घरांत घेतला. घेतला तो केवळ एका अर्थापुरता, हें लक्षांत ठेवावें. रॉकेलची परीक्षा करतांना त्याच्या वाफेला ज्या उष्णतेवर क्षणभर भडका लागतो, तिचेंहि इंग्रजी नांव याच शब्दावरून आहे. तेल पेट घेऊन जळत राहणें ही त्यापुढची पायरी. घरांत दिवा लावणाऱ्याच्या जिवाशीं या दोन पायऱ्यांचा संबंध आहे, म्हणून कायद्यानें पहिलीची मर्यादा बांधून दिली.

शब्दाचा जिवाशीं संबंध याहून अधिक स्पष्टपणें विजेच्या बाबतींत दिसतो. मराठवाड्यांत मृगापूर्वींच्या वळवाच्या पावसांत आणि परतीच्या पावसांत शेतांत काम करणारीं माणसें व गुरें वीज पडून मरण पावतात. ही दरवर्षींची दुःखद वार्ता असते. हवामानशास्त्रांत विजेच्या एका ‘फ्लॅश’मध्यें अनेक आघात असूं शकतात, बहुधा तीन-चार, ते सर्व मिळून एका सेकंदाहूनहि कमी वेळांत होऊन जातात, आणि म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. वाल्मीकीनें विजेला स्फुरण पावणारी म्हटलें, तें निरीक्षण अगदीं अचूक होतें. मराठी शेतकऱ्याच्या भाषेंतहि हे भेद आहेत: वीज लवते, वीज कडाडते, वीज पडते. लवणें हें डोळ्यांचें, कडाडणें हें कानांचें, पडणें हें प्राणांवरचें. प्रकाश तत्काळ पोंचतो. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. वीज लवल्यापासून कडकडाट ऐकूं येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरांच्या आंत आहे; अशा वेळीं झाडाखालीं उभें न राहतां पक्क्या घरांत जावें, हा नियम तज्ज्ञ सांगतात. हा नियम ‘लवणें’ आणि ‘कडाडणें’ या दोन शब्दांत ज्याला सांगतां आला, त्याला तो वालूरच्या कोणत्याहि शिवारांत समजावून देतां येईल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें विजेची आगाऊ सूचना देणारी जी भ्रमणध्वनीवरील योजना तयार केली आहे, तिला ‘दामिनी’ हें विजेचेंच जुनें नांव दिलें. नांव उत्तम आहे. सूचनेंतील शब्दहि तितकेच ओळखीचे असावेत, हें महत्त्वाचें.

१९३८ सालीं सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्यें वैद्यकीय सेवेसाठीं गेले आणि तेथील रुग्णांशीं बोलतां यावें म्हणून चिनी भाषा शिकले. पाठींतल्या कळेला चिनी शेतकरी काय म्हणतो, हें अशा वैद्याला शब्दकोशापेक्षां रुग्णाच्या तोंडूनच कळतें. भाषा शिकण्याचा खरा मार्ग त्यांत दिसतो. परक्या शब्दाचा एक प्रतिशब्द पाठ करून थांबूं नये. तो शब्द कोणत्या प्रसंगीं येतो तें पाहावें, आणि तशा प्रसंगीं आपल्या घरीं, शेतांत, बाजारांत कोणता शब्द येतो, तें शोधावें. वहींत ‘फ्लॅश’पुढें ‘चमक’ लिहावें. पण त्याच्याखालीं लवणें, स्फुरणें, भडका, लोंढा, रंजक हेहि शब्द प्रसंगासह लिहावे. असा एक शब्द नीट शिकलेला मुलगा इंग्रजी तर शिकतोच; शिवाय आजीच्या तोंडचा शब्द अडाणी नाहीं, त्याला जगांतील मोठ्या भाषांच्या पंक्तीला बसण्याचा अधिकार आहे, हेंहि त्याला कळून येतें. मराठवाड्याच्या कितीतरी मुलांना हें कळण्याची संधि मिळाली नव्हती. आजच्या मुलांना ती देतां येण्यासारखी आहे, आणि तिला खर्च कांहींच नाहीं.